वास नाही, चालू द्या

४ जानेवारी

मुलाने ही डायरी आणून दिली. म्हणाला, "बाबा, जेवताना जे बोलता ना, ते यात लिहीत जा. म्हणजे आम्हाला जेवता येईल." शिकलेल्या मुलांची प्रेम दाखवायची ही पद्धत. घेतली. कोरी पानं निदान मध्येच उठून हात धुवायला जात नाहीत.

तर मी कारखान्यात क्लोरिनेशन विभागाचा प्रमुख. आमचा धंदा असा: समुद्राकाठची काळी वाळू येते, तिच्यात टायटॅनियम असतं. ती कोकच्या, म्हणजे भाजलेल्या कोळशाच्या, भुकटीबरोबर भट्टीत घालायची, लालभडक तापवायची आणि खालून क्लोरीन सोडायचा. वायूच्या जोराने वाळू पाण्यासारखी उकळते. वर जी वाफ निघते ती थंड केली की फिकट पिवळा द्रव मिळतो. त्याचं रासायनिक नाव उच्चारायला दम लागतो म्हणून सगळे त्याला टिकल म्हणतात. आणि टिकलपासून शेवटी काय होतं, तर भिंतीच्या रंगात घालायची पांढरी पूड. काळी वाळू, काळा कोक, हिरवट विषारी वायू, एवढा सगळा उपद्व्याप कोणाची तरी बैठकीची खोली पांढरीशुभ्र दिसावी म्हणून. माणूस हुशार प्राणी आहे.

टिकल गळलं तर आंधळ्यालाही दिसतं. हवा लागली की पांढऱ्या धुराचे लोट उठतात. क्लोरीन तसा सरळमार्गी नाही. थोडा गळला तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. तिथे लागतं नाक, आणि नाक म्हटलं की मी. कामगार माझ्यामागे मला 'नाक' म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही. रोज सकाळी मी क्लोरीनच्या लाइनच्या कडेने जातो, एकेका जोडापाशी थांबतो, हुंगतो आणि म्हणतो, "वास नाही. चालू द्या." मग सगळे कामाला लागतात.

यंदा दुसरी, मोठी भट्टी उभी राहते आहे. ती चालू करून दिली की वर्षाअखेर मी निवृत्त. आणि मोठ्या साहेबांनी या भट्टीसाठी नाकं विकत आणली आहेत. खांबांवर लावायचे पांढरे डबे. क्लोरीन लागला की भोंगा वाजतो. ते बसवणारी इंजिनिअर कोण? आमची सून. घरी मी 'बाबा', कारखान्यात 'सर'. घरचंच माणूस घरच्या माणसाची नोकरी डब्याला देतं आहे.

९ जानेवारी

क्लोरीनची नवी लाइन आज पहिल्यांदा जिवंत केली. भट्टी अजून थंडच आहे, फक्त जोड तपासायला थोडा वायू सोडला. पाच नंबरचा डबा लगेच बोंबलायला लागला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जिना चढून त्या जोडापाशी गेलो आणि छातीभर श्वास घेतला. काही नाही. डोंगरावरची हवा.

"वास नाही," मी म्हणालो.

"सर, मला येतोय," सून म्हणाली. "चांगला उग्र येतोय."

"डबा तुझा आहे, म्हणून वासही तुझाच."

"अमोनियाची बाटली मारून बघू या ना. दोन मिनिटांचं काम."

अमोनियाची बाटली म्हणजे एक पिचकारी. जोडापाशी दाबायची, क्लोरीन असला तर पांढरा धूर होतो. ती नाक नसलेल्या लोकांसाठी असते, असं मी तिला सांगितलं. त्यावर तिने काही म्हणायच्या आत कठड्यावर वाकून भडाभडा उलटी केली. क्लोरीनने खोकला येतो, उलटी होत नाही. हेही मी तिला समजावून सांगितलं, ती ओकत असतानाच, म्हणजे लक्षात राहील.

फोरमन नाकाला रुमाल लावून उभा होता. "काय रे, तुला येतोय वास?"

"सर्दी आहे साहेब. तुम्हाला येत नसेल तर नाही."

हा माणूस पुढे जाणार.

१३ जानेवारी

घरात दोन बायका आणि चव एकीच्याही हाताला नाही. भाजी म्हणजे कोमट ओला कागद. बोलून दाखवलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "बाबा, डायरी."

जेवण झाल्यावर बायकोने दुधाचं पातेलं माझ्या नाकापुढे धरलं. "बघा हो, नासलंय का?"

हुंगलं. "ताजं आहे."

"नीट बघा."

"अगं, मी अख्ख्या कारखान्यातला क्लोरीन शोधतो, तुझं अर्धा लिटर दूध काय घेऊन बसलीस?"

तिने ते सगळं मोरीत ओतून दिलं. ताजं दूध! गुठळ्या होत्या थोड्या, पण हल्ली दुधाची प्रतच तशी येते. मग पदराला हात पुसत म्हणाली, "तुमचं नाक गेलंय. डॉक्टरकडे चला." मी म्हणालो, नाक तुझं बिघडलंय, तू जा. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एवढं कळू नये की माझं सगळं जाईल पण नाक जाणार नाही.

२१ जानेवारी

दुपारी घरी एकटाच होतो. स्वतःच चहा टाकला आणि पेपर वाचत बसलो. पुन्हा गेलो तर चहा उतू गेलेला आणि शेगडी विझलेली. काड्यापेटी सापडेना. या घरात कुठलीही वस्तू जागेवर सापडेल तर शपथ. शोधतच होतो, तेवढ्यात बायको आणि सून बाहेरून आल्या. सून दारातच थांबली आणि ओरडली, "बाबा, काही पेटवू नका!" बायकोने धावत जाऊन गॅस बंद केला आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर केवढा गार वारा. मी म्हणालो, खिडक्या लाव, मला आधीच खोकला आहे. बायको स्वयंपाकघरात फरशीवर बसली आणि रडायला लागली. एका कप चहासाठी रडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

घरात काहीतरी शिजतं आहे एवढं मात्र नक्की. तिघं कुजबुजत असतात, मी आलो की गप्प. सूनबाईंना जरा काही फोडणीला टाकलं की पदार्थ सोडून बाल्कनीत जावं लागतं. कसलं नाजूक नाक ते! बायको पांढऱ्या लोकरीची टोपी विणते आहे. माझ्या निरोपसमारंभाची तयारी असणार. माझं डोकं एवढं लहान आहे असा तिचा पूर्वीपासूनच समज आहे.

२८ जानेवारी

भट्टी चालू झाली!

आठवडाभर हळूहळू तापवत होतो, कारण नव्या विटा घाईने तापवल्या तर तडकतात. मोठे साहेब रोज फोनवर विचारायचे, "झाली का?" भात शिजतो आहे की काय! आज वाळू आणि कोक घातला, खालून आधी हवा दिली, मग हवा कमी करत क्लोरीन वाढवत नेला. दाब चढला, थरथरला, बसला. थंड करायच्या टाकीखाली काचेची नळी आहे. तिच्यात पहिल्यांदा थेंब, मग धार. फिकट पिवळी, स्वच्छ. टिकल.

सून टाळ्या वाजवत ओरडली, "बाबा, आलं!" कारखान्यात, सगळ्यांसमोर. मी डोळे वटारले. पण खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांत पाणी होतं. हल्ली सारखंच येतं, पण हे वेगळं होतं.

३ फेब्रुवारी

पाच नंबरचा डबा काही गप्प बसायला तयार नाही. भोंगा वाजला की नियमाप्रमाणे सगळ्यांनी पळायचं, क्लोरीन बंद करायचा, भट्टी ताटकळत ठेवायची. वाळूचा गोळा झाला तर फोडायला मी जाणार का डबा? आज तीनदा पळापळ झाली. तिन्ही वेळा मी जोडापाशी नाक लावलं. वास नाही.

शेवटी त्या डब्याच्या भोंग्याची वायर तोडायला सांगितली. आकडा खाली तिच्या संगणकाच्या पडद्यावर दिसेल, बोंब मारणार नाही. सून कागद पुढे करून म्हणाली, "सर, असं लिहून द्या." दिलं लिहून. अक्षरही चांगलं काढलं.

त्या मजल्यावरचे कामगार आता तोंडाला फडकी बांधून काम करतात. थंडी आहे म्हणे. थंडी मला नाही का? फोरमनचा आवाज बसला आहे, सर्दी काही हटत नाही त्याची. सून तर गळ्यात मास्क घालूनच फिरते, रबराचा, नळकांडंवाला, आणि वर चढताना तो तोंडावर ओढते. मी म्हणालो, लढाईवर निघालीस का? ती हसली नाही. पूर्वी हसायची.

८ फेब्रुवारी

उद्या मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन येणार, भांडवल घालणारे. त्यांना क्लोरीनचा मजला बघायचा आहे. मी तयारी केली आहे: पाच नंबरच्या जोडापाशी उभा राहून मी त्यांना दाखवणार की यंत्र काय सांगतं आणि माणूस काय सांगतो. सूनबाईंना ताकीद दिली, उद्या ते रबरी थोबाड तोंडावर नको, पाहुण्यांना वाटेल इथे गळतीच आहे.

"सर, हा हुकूम आहे का?"

"हुकूम आहे."

"ठीक आहे," ती म्हणाली. मग एकदम कारखान्यातला आवाज सोडून घरच्या आवाजात म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही वर जाऊ नका. माझ्यासाठी." आकडा वाढतो आहे म्हणे.

नाकाने कांदे सोलणारी आजकालची पोरं. माझ्यासाठी म्हणे.

१० फेब्रुवारी

लिहवत नाही.

१२ फेब्रुवारी

लिहितो. दुसरं काय करणार, रुग्णालयाच्या बाकावर बसून.

पाहुणे पाच-सहा होते. मी त्यांना भट्टी दाखवली, पिवळी धार दाखवली, मग वर नेलं. मी पाच नंबरच्या जोडापाशी गेलो. पाहुणे जिन्यातच थांबले आणि खोकायला लागले. मोठे साहेब रुमालाआडून म्हणाले, "वा, वा, फारच छान." मी हात मागे बांधले, मान वर केली आणि श्वास घेतला. छाती जळाल्यासारखी झाली. डोळ्यांतून धारा. तरीही नाकाला काही नाही. काहीच नाही. मी म्हणालो, "वास—" आणि खोकल्याने पुढचं बोलता येईना.

सून खालून धावत आली. पडद्यावर आकडा उडालेला तिने पाहिला होता. तिच्या हातात ती पिचकारी होती. मी हाताने नको नको म्हणत होतो. तिने जोडावर दाबली आणि पांढरा धूर निघाला. थोडाथोडका नाही. माझ्या पोटापासून वर, चेहऱ्यापर्यंत, मी त्याच्या मधोमध उभा. तो सगळा क्लोरीन होता आणि मी त्यात उभा राहून डोंगरावरची हवा खात होतो.

पाहुणे पळाले. मी अजूनही जागचा हललो नव्हतो. तिने गळ्यातला मास्क काढला आणि माझ्या तोंडावर ओढला, माझ्या. पट्टा मागे घट्ट केला आणि मला जिन्याकडे ढकललं. क्लोरीनची झडप तिनेच बंद केली, तोपर्यंत ती तिथली हवा घेत होती. जिन्यात खाली बसली. फोरमनने उचलून आणली.

इथे आल्यावर डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "घरचे कोण?" मी म्हणालो, मी सासरा. त्या म्हणाल्या, "फुप्फुसांना सूज आहे, प्राणवायू लावलाय. तिसरा महिना आहे, तेव्हा बाळाचं आताच काही सांगता येत नाही."

कोणाचं बाळ, असं मी विचारलं. खरंच विचारलं.

१३ फेब्रुवारी

बायको बाकावर शेजारी येऊन बसली. पिशवीत ती टोपी होती, अर्धी विणलेली. मी म्हणालो, "मला सांगायचं नाहीस?"

"कोणतं? बाळाचं की नाकाचं?"

मी त्या टोपीकडे बघितलं.

"बाळाचं सांगितलं असतं तर तुम्ही तिला दुसऱ्या दिवशी ऑफिसात टेबलावर बसवलं असतं. बायकांनी क्लोरीनच्या दारात येऊ नये, हे तुम्हीच म्हणता ना? भट्टी चालू झाली की तीच सांगणार होती. आणि नाकाचं मी सांगितलं होतं. दुधाच्या वेळी. तुम्ही म्हणालात, तुझंच बिघडलंय."

"ती वर का जात राहिली? तिला तर वास येत होता."

"तुम्हाला येत नव्हता, म्हणून."

मला रडू आलं. बाकावर, सगळ्या नातेवाइकांसमोर. बायकोने सांत्वन वगैरे केलं नाही. विणत बसली.

२५ फेब्रुवारी

सून घरी आली. बोलताना धाप लागते. बाळाचे ठोके आहेत. डॉक्टरीण बाई म्हणतात, बघत राहायचं. म्हणजे रोज भीत राहायचं.

जोड उघडला. दोन पाइपांमधली चकती तिरकी बसलेली. पहिल्या दिवसापासून गळत होता. फोरमनला विचारलं, "खरं सांग, तुला वास येत होता ना?"

"सगळ्यांनाच येत होता साहेब."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणालात. मग आम्हाला वाटलं, आपल्याच नाकात काहीतरी असेल."

अख्खा मजला खोकत होता आणि माझ्या एका नाकासाठी सगळ्यांनी आपापली नाकं खोटी ठरवली होती. एवढा मान मला आयुष्यात कोणी दिला नाही.

१४ मार्च

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी माझ्या नाकाखाली एकेक बाटली धरली. लवंग, कॉफी, रॉकेल. मी तिन्हींना "पाणी" म्हणालो. म्हणाले, इतकी वर्षं रोज थोडा थोडा क्लोरीन हुंगलात, त्यानेच वास घेण्याची शक्ती गेली. म्हणजे ज्या कामासाठी नाक वापरलं त्याच कामाने ते संपवलं. परत येईल का, विचारलं. सांगता येत नाही म्हणाले.

मोठ्या साहेबांनी लवकर निवृत्ती देऊ केली. मी म्हणालो, मुदत संपेपर्यंत राहतो, पण पाच नंबरचा भोंगा आधी जोडा, आणि पुन्हा कुठलाच तोडायचा नाही. आणि तो मी लिहून दिलेला कागद सूचनाफलकावर लावायला लावला, माझ्या सुंदर अक्षरासकट. फोरमन रोज थांबून वाचतो. एकदा वाचून समाधान होत नसावं.

आता सकाळच्या फेरीला माझ्या हातात अमोनियाची पिचकारी असते. नाक नसलेल्या लोकांसाठीची.

६ एप्रिल

बाळ हललं. सूनबाईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "बाबा!" माझ्या हातातला पेपर पडला. तिने नुसतं एवढंच सांगितलं, "हललं." मी म्हणालो, "बरं." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तिची माफी अजून मागितलेली नाही. शब्द जुळवतो, ते सगळे टोमण्यासारखे निघतात. आयुष्यभर दुसरं काही बनवलंच नाही.

२ जुलै

मागितली. ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. मी म्हणालो, "तुझा डबा खरं बोलत होता. तूही. मी तुला मास्क काढायला लावला, आणि तू तो मला घातलास. मला हे रोज आठवतं."

ती चिमटे लावत राहिली. मग म्हणाली, "मलाही आठवतं, बाबा. मी अजून रागावलेली आहे."

"किती?"

"आकडा वाढतच होता, आता जरा स्थिर आहे."

मी चिमट्यांची टोपली धरून उभा राहिलो. कपडे संपेपर्यंत.

२३ ऑगस्ट

मुलगी झाली. वजन जरा कमी, फुप्फुसं उत्तम. हे डॉक्टरीण बाईंनी सांगायची गरज नव्हती, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं.

२९ ऑगस्ट

आज सगळे बाळाला बघायला घरी. टोपी शेवटी तिच्या डोक्यावर गेली, तीही मोठीच होते. प्रत्येक जण येतो, टोपी बाजूला करतो, टाळूला नाक लावतो आणि डोळे मिटतो. बायको दिवसातून वीसदा. मुलगा कामावर जाताना, आल्यावर. फोरमनही आला होता, त्याने हात धुऊन, दुरूनच, पण घेतला वास.

मग सूनबाईने बाळ माझ्या हातात दिलं आणि सवयीने म्हणाली, "बाबा, वास घेऊन बघा ना, किती—" आणि थांबली. बायको उगाच चादर सारखी करायला लागली.

मी वाकलो. टाळूवर नाक टेकवलं. मऊ लागली, गरम लागली, त्वचेखाली धडधड लागली. छातीभर श्वास घेतला. सगळे माझ्याकडे बघत होते, अगदी त्या मजल्यावर बघायचे तसे.

"वास मला येत नाही," मी म्हणालो. "तुम्ही सांगा."

आधी कोणीच बोललं नाही. सवय नव्हती. मग फोरमन घसा खाकरून म्हणाला, "दुधाचा येतो साहेब." बायको म्हणाली, दुधाचा काय, ताज्या पिठाचा. मुलगा म्हणाला, दोन्ही नाही, उन्हात वाळलेल्या कपड्यांचा. तिघांची जुंपली. सून माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात, सावकाश, तिला काय येतो ते सांगत राहिली. बाळ माझ्या हातात झोपलं. मी मध्ये एकदाही बोललो नाही.